करडाच्या गळ्यातली गाठ

तानाजी हवालदार फौजेतून आला तो हाताला चाळा घेऊनच. तिकडं बर्फात ठाण्यावर अडकून पडला की तो गणवेशाच्या शिट्टीची विणलेली दोरी उसवायचा आणि पुन्हा विणायचा. म्हसवडजवळच्या वस्तीवर परतल्यावर त्यानं रंगीत नायलॉनच्या दोऱ्या आणल्या. त्याच गाठींची ब्रेसलेटं आणि लाकडी मणी ओवलेल्या माळा करायला लागला. मिशा पिळदार आणि मांडीवर गुलाबी दोरी! देवळापुढं बसणारे नानासो म्हणायचे, "काय रं गड्या, बंदूक ठिवली आन वेणीफणी घेतली व्हय?"

"या हिकडं, तुमचीबी घालतो," तानाजी मान वर न करता म्हणायचा.

पण घरात हसण्यासारखं नव्हतं. शिरवळच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी चालून आली होती. राहायला तिथंच पत्र्याची खोली. ते ऐकून त्याची बायको, हरणाबाई, चुलीतली लाकडं मागंपुढं सारायला लागली. आजवरचा सगळा संसार तिनं नवऱ्याच्या सुट्टीसुट्टीत केला होता.

"सिद्धनाथाच्या जत्रंपातूर थांबा," ती शेवटी म्हणाली. "हे तुमचं गाठीचं इकलं तर ऱ्हावा घरी. न्हाई इकलं तर मीच तुमची ट्रंक भरती."

जत्रेत कासारीण शालूबाईच्या बांगड्यांशेजारी तानाजीनं पाल टाकलं. पहिल्या दिवशी बायका-पोरींची झुंबड. तो प्रत्येकीच्या मनगटावर माप घ्यायचा, तिथंच गाठ आवळायचा आणि टोकं मेणबत्तीवर धरून चिकटवायचा. "आमच्या फौजंत गाठ सुटली तर मैदानाला चकरा माराय लावत्यात. ही सुटायची न्हाई!"

ती सुटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याकडची एक बाई लेकीला ओढत आली. पोरीचं मनगट लाल झालेलं. "अहो, हे काढायचं कसं?" तिच्या मागं दुसरी, तिच्या हाताला अजून कणीक. मग तिसरी.

"आवं हवालदार," शालूबाई ओरडली, "दागिनं इकताय का बायकास्नी बेड्या घालताय?"

दुपारपर्यंत तानाजी कात्रीच चालवत होता. कापलेल्या ब्रेसलेटांचा ढीग पडला. शिरवळच्या साहेबाला 'येतो' म्हणायला त्यानं मोबाईल काढला, तेवढ्यात हरणाबाई भाकरी घेऊन आली. ढिगातलं एक उचलून तिनं उलटंपालटं करून पाहिलं.

"करडाच्या गळ्यात आशी गाठ मारताव का आपुन?"

"करडाचं काय हितं?"

"करडू वाढतंय. गाठ सरकली न्हाई तर गळा कापतीय त्याचा. बाईचं मनगूटबी सकाळी येगळं, काम करून सुजल्यावं येगळं. आन तुमची गाठ आपली अटेन्शनमधीच हुबी!"

ती खाली बसली. दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली, दोन्ही टोकं एकमेकांवरून नेली आणि प्रत्येक टोकाची गाठ दुसऱ्या दोरीभोवती मारली. टोकं ओढली की कडं आवळायचं, कडं ताणलं की सैल व्हायचं.

"परत दाव."

"येवढी वर्सं फौजंत काय केलंसा?"

"आमच्यात सोडायचं शिकवत न्हाईत, हरणे."

पहिलं नवं ब्रेसलेट शालूबाईनं स्वतःच्या बांगड्यांवरून चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. मग तिनं अशी आरोळी ठोकली की ढोलवालेही वळून बघायला लागले. "या गं बायांनू! हवालदारानं बेड्या ढिल्या केल्यात!"

ज्यांची कापली होती त्यांना तानाजी बदलून देत होता. साताऱ्याची पोर आधी आईमागं लपली. मग तिनं आपल्या हातानं गाठ ओढली, सोडली, ओढली, आणि हिरव्या मण्यांची माळही मागितली. ऊन उतरेपर्यंत दोरीची रिळं संपत आली. हरणाबाईही अंगठ्यात दोरी अडकवून बसली होती, बकऱ्यांची धार राहिली तरी तिला भान नव्हतं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. शिरवळचा साहेब. तानाजीच्या दोन्ही हातांत आणि दातांत दोऱ्या. त्यानं मानेनंच बायकोला खूण केली.

हरणाबाईनं पदराला हात पुसून फोन कानाला लावला. "व्हय सायेब... न्हाई, त्यास्नी यायला जमायचं न्हाई. कामावं हायती."

फोन ठेवून तिनं त्याच्याकडं पाहिलं. "ती निळी दोरी द्या हिकडं. तुमच्या गाठी अजून लय घट बसत्यात."