आईचा वात

आईच्या बोटांचे सांधे सुजले, अंगात बारीक ताप राहू लागला, तेव्हा लातूरला रक्त तपासलं. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलंय, संधिवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. खरं सांगते, आम्हाला हायसं वाटलं. वात हा चारचौघांत सांगता येणारा आजार. मुरुडजवळच्या आमच्या गावात तर ज्याला वात नाही त्याच्याकडेच लोक संशयानं बघतात. निर्गुडीचा पाला, एरंडेल, सल्ले, सगळं न मागता घरी आलं. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी येऊन आईचे हात चोळून देत. चोळणं कमी आणि गप्पाच जास्त.

गोळ्या खाऊनही दुखणं हटेना. त्यात एकदा आई बाजारातून एकाच पायात चप्पल घालून परत आली. दुसरी कुठं निसटली ते तिला कळलंच नव्हतं. आम्ही पोट धरधरून हसलो.

मी नांदेडला नोकरीला, म्हणून तिला इकडं आणलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या जाड झालेल्या कानाच्या पाळ्या पाहिल्या, कोपराजवळची शीर चाचपली, डोळे मिटायला लावून तळपायाला कापूस लावला. आईला काहीच कळलं नाही. मग पाळीतून नमुना घेतला. तो तपासून आल्यावर त्या म्हणाल्या, कुष्ठरोग आहे.

"मंग रक्तात वात कसा निघाला?" आईनं विचारलं.

"या आजारातही ती तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते, मावशी. नुसत्या रक्तावर ठरवायचं नसतं. औषध फुकट मिळतं. पूर्ण घेतलंत की बऱ्या व्हाल." मग त्यांनी विचारलं, रोजची ऊठबस कुणाकुणाची? त्यांनाही तपासावं लागेल.

मी घरच्यांची नावं सांगून थांबले.

"शेजारीन राहिली की," आई म्हणाली.

बाहेर आल्यावर मी चिडले. "गावभर होईल. तू आपली वातच सांग."

"तिनं माझे हात चोळले. तिला कायबी झालं तर? तिला खोटं न्हाई सांगायची मी."

गावी जाऊन तिनं स्वतःच काकूंना सांगितलं. काकू तपासून आल्या, खबरदारीची गोळी घेतली आणि आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. आईची औषधं सुरू आहेत, आता तिच्यापासून धोका नाही, हे आरोग्यसेविकेनं त्यांना परोपरीनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. आई संध्याकाळी दाराकडं बघत बसायची. मला त्या बाईचा इतका संताप आला की मी भांडायलाच निघाले होते. आईनं ओढून खाली बसवलं. ती रडत होती.

"न्हाई आली तर न्हाई आली. तिच्या अंगावर एक बी चट्टा निघाला न्हाई, हे बघ की. मी लई भ्याले व्हते गं, माझं दुखणं तिला गेलं तर."