लातुरात पोचलेला राज्यमासा

बोईसरच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी बॅग गाडीत चढवली आणि खिडकीशी येऊन सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बजावलं, "कोणी इचारलं तर जिल्हा पालघर सांग. ठाणे नाय!"

बोईसरजवळच्या दांडी या मच्छीमार गावातली, घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, लातूरच्या शाळेत बाई व्हायला निघाले होते. दांडीकरांनो, आणि माझ्यासारखं दांडी सोडून गेलेल्यांनो, बाबांचं ते वाक्य इथे रोज कामाला आलं. "पालघर म्हणजे ठाण्यातच ना?" हे आमच्या स्टाफरूममधलं चहासोबतचं बिस्कीट.

महाराष्ट्र दिनाला राज्याची मानचिन्हं टेबलावर मांडायची ठरली. आंब्याची डहाळी, ताम्हणाची फुलं, शेकरूचं चित्र, सगळं जमलं. राज्यमासा पापलेट कुणाला आठवलाच नाही. म्हटलं, हा आमचा. आता दाखवतेच जिल्हा! बाबांना फोन करून चांगल्याशा पापलेटाचा फोटो मागितला.

"फोटोत काय मासा दिसतो? थांब तू."

बोईसरच्या कारखान्यातले एक लातूरकर सुट्टीला गावी येत होते. महाराष्ट्र दिनाच्या सकाळी ते बाबांनी दिलेला थर्माकोलचा खोका घेऊन दारात. "ताई, गाडीभर लोकांनी नाक धरलं बघा!"

शेकरू आणि ताम्हणाच्या मधोमध, बर्फावर, ताटभर पापलेट विराजमान झाला. लातूरचं ऊन ते. झेंडावंदन होईस्तोवर बर्फाचं पाणी झालं. मुख्याध्यापक पक्के शाकाहारी. त्यांनी कधी नव्हे ते भाषण आटोपतं घेतलं. तेवढ्यात शिपाईमामा मैदानभर ओरडले, "ओ पालघरच्या बाई, तुमचा मासा उचला!"

पालघरच्या बाई! मी मासा असा उचलला, जणू ट्रॉफी.

दुपारी माझ्या खोलीवर तो तळला. तीन सहकारी बाया आल्या, तुकड्यांवर तुटून पडल्या. "तुम्ही तर रोजच खात असाल!" मी त्यांना आणखी एकेक तुकडा वाढला. एवढा मोठा पापलेट आमच्या घरात कधी शिजला नव्हता. बाबांच्या जाळ्यात आला की तो बाजारात जायचा, आमच्या ताटात छोटी, स्वस्तातली मांदेली. माझी फी, पुस्तकं, ती एसटीत चढवलेली बॅगसुद्धा पापलेटानंच दिलेली.

संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती पोटभर हसली. मग हळूच म्हणाली, "कसा लागतो गो, एवढा मोठा?"

परवापासून सुट्टी लागतेय. घरी पोचले की बाबांकडूनच मोठा पापलेट विकत घेणार, माझ्या पगारातून. भावात ते घासाघीस करतीलच, मुलगी म्हणून सोडणार नाहीत. मधला तुकडा आईच्या ताटात वाढायचा. घर म्हटलं की आता मला ते ताट दिसतं.