टपालताई आणि भरवशाचे पत्ते

मुलांच्या त्या छोट्या रुग्णालयात तिला सगळे टपालताई म्हणायचे. येणारी प्रत्येक ई-मेल आधी तिच्या कॉम्प्युटरवर उतरायची आणि मग ती ज्याची त्याला पाठवायची. स्वभावाने भित्री. घराला कुलूप लावून अर्धा जिना उतरली की परत वर जाऊन ते ओढून बघायची. "चोरसुद्धा कंटाळून परत जाईल," नवरा म्हणायचा.

खोट्या मेल अडवायला कॉम्प्युटरमध्ये एक चाळणी होती. पण ती कधी कधी कामाच्या मेलही स्पॅममध्ये, म्हणजे नको असलेल्या मेलच्या कप्प्यात, ढकलायची. बाहेरच्या प्रयोगशाळेचे रक्ताचे रिपोर्ट असे अडकायला लागले, तेव्हा ताईने सोपा उपाय केला. पत्त्यात प्रयोगशाळेचं नाव असेल ती मेल बिनधास्त आत सोडायची, असं तिने भरवशाच्या यादीत लिहून टाकलं. यादीतल्या मेलची झडती होत नसे.

एका सकाळी हिशेबनीसांनी प्रयोगशाळेच्या नावाने आलेल्या मेलमधली एक फाईल उघडली आणि त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने घाईघाईने तारा उपटल्या, म्हणून बाकीचे कॉम्प्युटर त्या व्हायरसपासून वाचले.

"ही मेल आत आली कशी?" ताईने विचारलं.

"तुमच्या यादीनेच आणली," तो म्हणाला. "पत्ता भलत्याचाच आहे, फक्त त्यात प्रयोगशाळेचं नाव घुसडलंय."

ताईला वॉर्ड आठवला. वॉर्डातली यंत्रं बंद पडली असती तर? तो गेल्यावर तिने यादीच पुसून टाकली. एक पत्ता ठेवला नाही. मग कुठे तिला श्वास घेता आला.

त्याच आठवड्यात वॉर्डात एक तान्ही मुलगी आली. ताप काही केल्या उतरेना. रक्तात कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध मारतं, हे प्रयोगशाळा कळवणार होती. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन विचारून गेल्या.

"ताई, आला का रिपोर्ट?"

"नाही हो मॅडम. आला की लगेच आणते."

काचेपलीकडे मुलीचा बाप उभा होता. तो कुणाला काही विचारत नव्हता, आणि ताईला त्याचीच जास्त भीती वाटत होती. दुपार झाली तरी रिपोर्ट नाही. तिने प्रयोगशाळेला फोन लावला.

"सकाळीच पाठवलाय की," पलीकडची मुलगी म्हणाली.

ताईने स्पॅम उघडलं. गादीची जाहिरात, कुठलंसं बक्षीस, आणि त्यांच्या मधोमध रिपोर्ट. चालू औषध या जंतूवर चालत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. छापलेला कागद घेऊन ती पळत सुटली. वळणावर भिंतीला खांदा आपटला, ते तिला नंतर कळलं.

"सकाळीच आला होता मॅडम. यादी मी पुसली, म्हणून अडकला."

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर काढली नाही. "ते नंतर बोलू. मीही फोन करायला हवा होता," म्हणत त्यांनी नर्सला नवं औषध सांगितलं.

ताई वॉर्डाबाहेर स्टुलावर बसून राहिली. दार उघडलं की ती उठून उभी राहायची. आतून नुसती यंत्राची टिकटिक ऐकू यायची. ती थांबली तर, एवढा एकच विचार डोक्यात. नवऱ्याचा फोन आला, तोही तिने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला.

मग ताईने त्या दुरुस्तीवाल्याला शेजारी बसवून यादी नव्याने केली. या वेळी नुसतं नाव नाही, एकेक पूर्ण पत्ता. मेल खरंच तिथूनच निघाली आहे, हे कॉम्प्युटर तपासेल तेव्हाच ती आत येणार. जे आता कधी लिहीत नव्हते, त्यांना काढून टाकलं. आणि तातडीचा रिपोर्ट फोनवरही सांगायचा, हे प्रयोगशाळेकडून कबूल करून घेतलं. तरी स्पॅम ती दिवसातून कितीदा उघडायची, देव जाणे.

मुलीला घरी न्यायच्या दिवशी बाप तिच्या टेबलाशी थांबला.

"रिपोर्ट धावत घेऊन आलेल्या त्या तुम्हीच ना?"

"मीच. पण सकाळीच आणायला हवा होता. माझ्या चुकीने उशीर झाला."

त्याने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तो दाराकडे निघाला.