मागच्या बाकांसाठी वेगळे पेले

चांदीचा पेला पुढच्या बाकांवरून फिरला आणि आमच्यापर्यंत येण्याआधीच वळला. आमच्यापुढं स्टीलचं ताट आलं. त्यात बोटाएवढे प्लास्टिकचे पेले.

बाबानं हात पुढं केला होता. तो तसाच राहिला. मग एक प्लास्टिकचा पेला उचलून खाली आला.

यवतमाळात ऐक्याची उपासना होती. तीन ख्रिस्ती मंडळ्या एकत्र. एक बाप्तिस्मा पाण्यात बुडवून देते, बाकीच्या दोन डोक्यावर शिंपडून. त्यावरून जन्माची भांडणं. ती मिटवून सगळ्यांनी प्रभुभोजनाचा द्राक्षरस एकाच पेल्यातून घ्यायचं ठरलं. पत्रक मी लिहिलं. कळंबपासून आर्णीपर्यंत मीच वाटलं. आमच्या वस्तीला मीच सांगितलं, चला, तिथं जातपात नाही.

ताट धरलेले सर मंडळीच्या पंचकमिटीतले. निवृत्त हेडमास्तर.

"सर, हे काय?"

"फवारणीचे दिवस आहेत, बाई. तुमच्या लोकांच्या हाताला विष असतं. दुसऱ्याला बाधायला नको."

विष! बाबा फवारत होता ते शेत सरांचंच. कापूस सरांचा, औषध सरांनी आणलेलं. बाबानं हातमोजे मागितले तर म्हणाले होते, "आजवर कोणाला लागले?" हात तेवढे आमचे.

आणि मी? मी कॉलेजात शिकते. पंप कधी पाठीवर घेतला नाही. शेजारी आमच्या वस्तीतली नर्सबाई, दिवसभर साबणानं हात धुणारी. तिच्यापुढंही तेच ताट. तेव्हा कळलं, कोणतं विष.

आई नर्सबाईला म्हणाली, "पाह्यलं का वो? हात लागलेला कापूस चालते, ओठ लागलेला पेला चालत नाही."

बाबा मला म्हणाला, "घे ना पोरी. कायले तमाशा करून राह्यली?"

मी त्याच्या हातातला पेला काढून ताटात ठेवला. उभी राहिले.

"सर, बाप्तिस्म्यानं आमची जात धुतली म्हणता. मग हात कसे राहिले?"

मी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडं पाहिलं. मला लिहायला यांनी शिकवलं. पत्रकातला शब्द न् शब्द यांनी वाचून मान डोलावली होती. प्रभूच्या मेजापाशी ते उभे होते. ताट त्यांच्याच हातून निघालं होतं. मान खाली घालून म्हणाले, "आपण गीत घेऊ या."

पेटी वाजू लागली.

बाहेर पडताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, आज ऐक्याचा दिवस आहे. तडा जाऊ देऊ नको."

मी हात बाजूला केला.

पाणी किती, यावरून हे पिढ्यान् पिढ्या भांडले, तो तडा यांना मिटवता आला. माझ्या बापाचे ओठ लागले असते तर मात्र सगळं फुटलं असतं म्हणे. आमच्या गप्प बसण्याला हे ऐक्य म्हणतात.

वस्तीतले काही म्हणतात, सोडा त्यांना, आपण आपली वेगळी प्रार्थना करू. कायले? प्रभू त्यांनी खरेदीखत करून घेतलाय? मंडळी मी सोडत नाही. येत्या प्रभुभोजनाला आमची अख्खी वस्ती लवकर जाईल आणि पहिल्या बाकांवर बसेल. पेला आधी बाबाकडं येईल. नाही आला, तर मेजापुढं मी वाट अडवून बसेन. मग त्या दिवशी तिथं कोणीच पिणार नाही.