अड्याळात आणलेली भरती

"शंकरकाका, समुद्रात शिंगाडे नसतात हो!" असं म्हणून भास्करभाऊंची सून मानसी जी हसायला लागली, ती खुर्ची धरून खालीच बसली.

मी ब्रश हातात धरून उभा. विदर्भातल्या अड्याळात माझं मंडप-डेकोरेशनचं काम आहे. नवरात्रात देवीसमोर जो देखावा लागतो, तो मी करतो. हिमालय केला, लंका केली, चांद्रयान केलं. माझ्या कामाला कोणी हसलं नव्हतं. यंदा मंडळाचे अध्यक्ष भास्करभाऊ म्हणाले, कोकणातल्या जुन्या बंदरांचा इतिहास दाखवू. आता आमच्या भागात पाणी म्हटलं की तलाव, आणि तलाव म्हटला की काठाला शिंगाड्याचे हिरवे वेल. म्हणून मी राजापूरच्या बंदराला मोठ्या हौसेनं शिंगाडे लावले होते. चौलला कमळं लावणार होतो, थोडक्यात वाचलो.

भास्करभाऊंना बंदरांचं खूळ लागलं ते मानसीमुळे. ती राजापूरच्या खाडीकाठची. तिच्या वडिलांना हे स्थळ मनातून पसंत नव्हतं. माणसं चांगली आहेत, पण समुद्रापासून इतक्या लांब माझी मुलगी राहील कशी, हा त्यांचा हेका. लग्नानंतर ते आता पहिल्यांदाच लेकीच्या घरी येत होते, घटस्थापनेला.

"शंकरभाऊ, इवाई येऊन राहिले," भास्करभाऊ मला म्हणाले होते. आमच्याकडे व्याह्यांना इवाई म्हणतात. "त्याइले वाटलं पायजे का आपली पोरगी परक्या मुलखात नाई पडली. माही इज्जत तुमच्या हातात हाय."

म्हणजे शिंगाडे काढणं भागच होतं. काढले. तरी मानसी हलेना.

"काका, पाणी असं गप्प का?"

"गप्प कुठं? पंखा लावला ना. लाटा येऊन राहिल्या."

"लाटा नाही हो. भरती-ओहोटी! पाणी वर चढायला हवं, खाली उतरायला हवं."

मग तिनं मला समजावलं. ही जुनी बंदरं म्हणे उघड्या समुद्रावर कमीच. चौल, दाभोळ, राजापूर, सगळी खाडीत वसलेली. खाडी म्हणजे नदीच्या मुखातून आत शिरलेला समुद्र. गलबतं बाहेर थांबायची आणि भरतीचं पाणी चढलं की त्याच्याबरोबर आत यायची. दाभोळला अरबस्तानातून घोडे उतरायचे, इकडून मिरी आणि कापड जायचं. ओहोटी लागली की गलबत चिखलात टेकायचं, तेव्हा त्याच्या तळाची डागडुजी करून घ्यायची. "आता सांगा, तुमचं हे गलबत आत आलं कसं, आणि बाहेर जाणार कसं?"

मला रागच आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्घाटन, आणि ही पोरगी विचारते गलबत जाणार कसं! पण प्रश्न सोळा आणे बरोबर होता, म्हणून तर राग जास्त.

कूलरचे दोन पंप आणले. विदर्भात कूलर नाही असं घर नाही, त्यामुळे पंपांना तोटा नव्हता. एक पंप पाणी आत आणणार, दुसरा बाहेर काढणार. पहिला चालू केला. वा! पाणी चढलं, गलबतं डुलत डुलत इंग्रजांच्या वखारीसमोर आली. वखार म्हणजे व्यापाऱ्यांचं कोठार. मी स्वतःच टाळ्या वाजवल्या. मग दुसरा चालू केला, तो घर्र करून बसला. इकडे पहिल्याचं बटण दाबतो तर तेही अडकलेलं. वखार बुडाली, घाट बुडाला, पाणी सतरंजीवर आलं. भास्करभाऊ पॅन्ट वर धरून ओरडतच आले.

"अहो, देवीले काहून डुबवून राहिले जी!"

मेन स्विच पाडला तेव्हा समुद्र थांबला.

दुसरा पंप उघडून पाहिला. खाडीचा चिखल दिसावा म्हणून मी तळाला धानाचा कोंडा गेरूत कालवून पसरला होता. तो सगळा पंपाच्या जाळीत जाऊन बसलेला. मानसीनं त्यातला मूठभर काढला आणि पुन्हा हसत सुटली.

"काका, राजापूरचं अगदी असंच झालं! खाडीत गाळ भरत गेला, मोठी गलबतं आत येईनात, बंदर बसलं. तुम्ही एका दुपारीत करून दाखवलंत."

भास्करभाऊंना हसू येत नव्हतं. "इतिहास समजला. पण उद्या पानी उतरन कसं?"

पंप धुतला, लावला, पुन्हा बसला. मी कपाळाला हात लावून पायरीवर टेकलो. आणि एकदम स्वतःचाच संताप आला. अरे, आमचे तलाव काय पंपानं उतरतात? तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, तुडुम असतो. एकाखाली एक भोकं आणि प्रत्येकाला लाकडाची खुंटी. वरची खुंटी काढली की वरचं पाणी हळूहळू निघतं, मग खालची काढायची. लहानपणापासून पाहत आलो आणि ऐन वेळी कूलर आठवला!

पाइपाला भोकं पाडून तुडुम केला. उतरलेलं पाणी कापडातून गाळून खालच्या टाकीत जाईल आणि पहिला पंप तेच पुन्हा वर चढवेल, अशी सोय केली. पंपाला नवं बटण बसवलं.

दुसऱ्या दिवशी इवाई पुढच्या खुर्चीवर बसले. बंदर खात्यातून रिटायर झालेला सडपातळ माणूस, चेहरा कोरा. भास्करभाऊ शेजारी घाम पुसत होते. मी पडद्यामागे खुंट्यांवर हात ठेवून.

पाणी चढलं. गलबतं आत आली. मी वरची खुंटी काढली, मग खालची. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला आणि मोठं गलबत हळूच एका बाजूला कललं.

"अरे, डुबली! नाव डुबली!" लोक ओरडले.

इवाई ताडकन उभे राहिले. "बुडाली नाही हो! टेकलीय! आता तिचा तळ घासतील!"

कोणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. मग काय विचारता! चौल झालं, दाभोळ झालं, राजापूर झालं. आमचे लोकही सोडतात थोडेच? "काका, घोडे जहाजात उभे राहत का बसत?" "घोड्याइले उलटी होत होती का जी?" इवाई हसून हसून उत्तरं देत होते आणि मी मागून भरत्या पुरवत होतो.

शेवटी ते मानसीजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आपल्याकडे भरती दिवसातून दोनदाच येते गो," ते म्हणाले. "तुझ्या सासऱ्यांनी दर पाच मिनिटांनी आणली." मानसी हसत होती, रडतही होती. भास्करभाऊंनी इवायांना जी मिठी मारली, ती सुटता सुटेना. मलाही पडद्यामागे डोळे पुसावे लागले.

घटस्थापनेपुरते आलेले इवाई दसऱ्याचं सोनं वाटूनच परतले.

तेव्हापासून काम घ्यायला गेलो की देखावा कशाचा, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, पाहायला कोण येणार आहे.