डिक्कीतला ट्रॅक्टरचा बल्ब

चहा आधी पिऊन घ्या. ही हकीकत ऐकताना कुणाच्या तोंडात घोट असला की तो माझ्या अंगावर येतो, असा आजवरचा अनुभव आहे. फजिती माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही, तेव्हा मोकळेपणानं हसा.

मखमलाबादला आमचा फुलमळा. गुलाब, शेवंती, थोडा झेंडू. माझी धाकटी बहीण यमुना निफाडला दिलेली. तिच्या नातीचा, स्वातीचा साखरपुडा ठरला आणि मी फोनवरच सांगून टाकलं की हार आमच्या मळ्यातल्या गुलाबांचे येतील, बाजारातून कुणी काही आणायचं नाही.

यमुना म्हणाली, "दादा, बघ हां. मुलाकडची माणसं लय बारकाईनं बघणारी हायेत. तू म्हणतोस म्हणून मी दुसरीकडं सांगत नाय."

मी म्हणालो, तू निवांत राहा. आता भावानं बहिणीला निवांत राहा म्हटलं की तिथंच समजायचं, काहीतरी होणार आहे.

हार न्यायचे कशात हा प्रश्न होता. पिशवीत चुरगळतात, हँडलला अडकवले तर वाऱ्यानं पाकळ्या झडतात. पण माझा मुलगा दत्तू मोठ्या गाडीवर लांब लांब फिरायला जातो. त्यानं नवी डिक्की घेतली होती आणि जुनी मला दिली होती. मोटरसायकलच्या मागं पेटीसारखी बसवतात, ती. तिची कडी तुटलेली, एक बिजागरी गेलेली आणि पाठीमागं लाल काचेच्या आत ब्रेकचा लाईट असतो, तो मेलेला.

दत्तूनं बजावलं होतं, "आबा, डिक्कीमुळं गाडीचा मूळ लाईट झाकला जातो. डिक्कीचा लाईट लागल्याशिवाय आईला मागं बसवून हायवेला जायचं नाय. रविवारी मी लाईटची नवी पट्टी आणून बसवतो."

साखरपुडा शुक्रवारी. रविवारची वाट कोण बघणार? शिवाय मोडकी वस्तू समोर पडलेली असली की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. कामाला मी हळू, हे कबूल. घरचे म्हणतात, याच्या हातात पाना दिला की आपण जेवणं उरकून घ्यावीत.

कडी बदलली. बिजागरी जुन्या ट्रंकेची काढून बसवली, छान बसली. राहिला लाईट. शेडमध्ये ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा एक बल्ब पडून होता. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची, मोटरसायकलची बारा व्होल्टची. म्हणजे दोघं एकाच जातीचे, सोयरीक जमायला हरकत नाही, असा मी विचार केला. बल्ब मोठा, तो काचेमागं मावेना. मग आतलं झाकण काढून टाकलं आणि बल्ब डिक्कीतच तारेनं बांधला. पायाच्या ब्रेकच्या वायरीवरून दोन वायरी काढल्या, पिळल्या, चिकटपट्टी गुंडाळली.

आमच्या मंडळीला, म्हणजे दत्तूच्या आईला, मागं उभं केलं. मी गाडीशेजारी वाकून हातानं ब्रेकचा दांडा दाबला.

"लागला का?"

"लागला. आवो, केवढा हा! आगगाडीला दाखवतात तसला दिसतोय."

सोडला की विझायचा, दाबला की लागायचा. मी पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. एवढं समाधान मला मळ्याला पाणी मिळाल्यावरसुद्धा झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फुलं तोडली. बाजाराची पाटी नेहमीच्या टेंपोत चढवली आणि निवडक टपोरे गुलाब घरी ठेवले. मंडळीनं बसून दोन हार गुंफले. असे हार, की आमच्या लग्नात असे मिळाले असते तर मी फोटोत डोळे उघडे ठेवले असते. डिक्कीत ओलं फडकं अंथरलं, त्यावर केळीचं पान, पानावर हार, वरून पुन्हा ओलं फडकं. कडी लावली. निघालो.

गाडी मी सावकाश चालवतो. घाईनं गेलेला माणूस आणि सावकाश गेलेला माणूस, चहा दोघांनाही सारखाच गरम मिळतो.

आडगाव सोडलं आणि एक पोरगा मोटरसायकलवरून शेजारी आला. ओरडून म्हणाला, "बाबा, मागचा लाईट!"

"दिसतोय ना?"

"दिसतोय की! लय दिसतोय!"

ऐकलंत? मी हात वर करून त्याचे आभार मानले. तो काहीतरी आणखी बोलत होता, पण वाऱ्यात गेलं.

पुढं एका गाडीतून एका माणसानं हात बाहेर काढून मूठ उघडझाप केली. इंडिकेटर चालू राहिला की लोक अशी खूण करतात, हे मला माहीत आहे, मी काही अगदीच अडाणी नाही. मी पाहिलं, इंडिकेटर बंद होता. मग खूण कशाची? म्हटलं, हासुद्धा लाईटवर खूश झालेला दिसतो. मीही त्याला मूठ उघडझाप करून दाखवली.

चांदोरीपर्यंत असे चार-पाच भेटले. माझी मान ताठ होत चालली होती.

मागं मंडळी डिक्कीला टेकून बसली होती. तिची पाठ धरलेली असते. ती म्हणाली, "आवो, ही डिक्की लय गुणाची हाय. पाठ कशी छान शेकतीय."

"ऊन हाय ना," मी म्हणालो.

"ऊन समोरून येतंय."

नवऱ्यानं उन्हाच्या दिशेवरून वाद घालू नये.

निफाडला पोचलो तेव्हा अंगणात सतरंज्या पडल्या होत्या. मुलाकडची मंडळी चांदवडहून निघाली होती, जवळ आली होती. यमुना पुढं आली. तिचा मुलगा राजाराम, म्हणजे नवरीचा बाप, तोही आला.

"दादा, हार?"

मी मोठ्या ऐटीत कडी काढली, झाकण उघडलं. आणि आतून वाफ आली.

वाफ, बरं का. इडलीच्या भांड्यातून येते तशी. मागोमाग गुलकंदाचा वास अंगणभर पसरला. केळीचं पान काळं पडलेलं. फडकं उचललं तर हारांचा रंग वांग्याच्या भरताचा, आणि एक पाकळी माझ्या बोटाला चिकटून आली. राजारामनं बल्बला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

खरं सांगतो, यमुना ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त रस्त्याकडं बघायला लागली, पाहुणे आले का ते.

मी म्हणालो, बल्ब फक्त ब्रेक मारला की लागतो, एवढा तापेल कसा? राजारामनं किल्ली फिरवली. लाईट बंद. मी म्हणालो, बघ, माझं वायरिंग चोख आहे. "मामा, तुम्ही बसा बरं गाडीवर," तो म्हणाला. मी बसलो. लाईट लागला. उतरलो, विझला. पुन्हा बसलो, पुन्हा लागला.

मी म्हणालो, माझ्या वजनानं सीटखाली वायर दबत असणार. राजाराम सीट दाबून पाहायला लागला, काही लागेना. एवढा वेळ मंडळी नुसती बघत उभी होती. ती म्हणाली, "आवो, सीट सोडा. तुमचा उजवा पाय कुठं हाय?"

मी खाली पाहिलं. पाय ब्रेकवर होता.

"काढा."

काढला. लाईट विझला.

"आता नेहमीसारखे बसा."

मी बसलो, आणि पाय आपोआप पुन्हा तिथंच जाऊन विसावला. मला कळलंसुद्धा नाही. गाडी शिकलो तेव्हापासून तो तिथंच राहायला होता. मूळचा लाईट बारीक, दिवसा कुणाच्या लक्षात येतोय? मी मखमलाबादपासून निफाडपर्यंत ब्रेक दाबून आलो होतो आणि सगळ्या रस्त्याला मुजरे करत आलो होतो.

सगळ्यात आधी यमुना हसली. तोंडाला पदर लावून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "राजाराम, दादाला घेऊन बाजारात जा आणि हार घेऊन ये. आणि गाडी तू चालव."

राजारामच्या मागं बसून मी गेलो. बाजारात एक फुलवाला पाटी मांडून बसला होता. नशीब चांगलं, गुलाब शिल्लक होते. ताजे, टपोरे. मी माल कुठला म्हणून विचारलं.

"मखमलाबादचा हाय बाबा. सकाळच्या टेंपोनं आलाय. असा गुलाब दुसरीकडं मिळायचा नाय."

मी एक फूल उचलून पाहिलं. मनाला म्हटलं, मखमलाबादला मळे पुष्कळ आहेत. मग पाटीवर झाकलेलं कापड पाहिलं. ते आमच्या मंडळीचं जुनं हिरवं लुगडं होतं.

फुलवाला भराभर हार ओवायला बसला. एवढी घाई कशाची म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा राजारामनं सांगून टाकलं, की मामांनी हार आणले होते पण डिक्कीत शिजले. फुलवाल्यानं सुई थांबवली आणि माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"बाबा, राग मानू नका. पण फुलं कशी न्यायची याची एक रीत असते. आपल्याला कळत नसलं तर एखाद्या मळेवाल्याला विचारावं माणसानं."

राजाराम तोंड उघडणार होता. मी त्याचा दंड धरला.

"विचारतो," मी म्हणालो.