रघूच्या बाटलीतली चिलटं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, हाडांचे सांगाडे हाताळले... एकानंही कधी मान हलवली नाही. तरीही हे लिहितोय.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनचं साल, अठ्ठेचाळीस. हैदराबादेत जामबागेजवळच्या कॉलेजात रघू आणि मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमचे सर म्हातारपणाचा अभ्यास करायचे – चिलटांवर! पिकल्या केळ्यांवर घोंगावतात, तीच. कमी गुळावर ती जास्त जगतात का, हा प्रश्न. रघूची चिलटं नेहमी माझ्या चिलटांहून जास्त जगायची. पुढच्या संशोधनाला कलकत्त्याला एकालाच पाठवायचं होतं, आणि सर उठताबसता म्हणायचे, "रघुनाथ के हाथ में बरकत है, मियाँ!" माझा नुसता जळफळाट.

सप्टेंबरात रघू आईला आणायला परभणीला निघाला. कॉलेजातल्या प्रयोगाच्या खोलीची एकुलती एक किल्ली मला देत म्हणाला, "बाळ्या, दर तीन दिवसांनी नव्या बाटलीत घाल रे त्यांना. केळं-गूळ ताजं लागतं."

"जा रे, माझीच समज!"

किल्ली जानव्याला बांधली. माझी बाटली घरी नेली. त्याची तिथंच ठेवली – तळाशी अन्नाची वाळकी खपली – आणि कुलूप ठोकलं.

लगेच कर्फ्यू लागला, शहर बंद झालं. बारा दिवस मी बरकतपुऱ्यातल्या घराचा उंबरा ओलांडला नाही. भित्रा होतो, लपवू कशाला? माझ्या चिलटांचा मुंग्यांनी फडशा पाडला, तरी मी खूश. त्याचीही मेलीच असणार!

कॉलेज उघडलं. रघू परतला. तो आणि सर मागे उभे, मी जानव्याची किल्ली काढून दार उघडलं. सुतकी चेहरा तयारच होता...

आत ताज्या केळ्याचा वास. धुतलेली बाटली. आणि पंखांची टोकं कापून खूण केलेली रघूची म्हातारी चिलटं, सगळीच्या सगळी, मजेत उडत होती!

शेजारच्या वहीत चार नोंदी – "बाटली बदलली." अक्षर माझं. खाली दोन रेघा मारायची खोडही माझीच.

"कर्फ्यू में भी? वाह, मियाँ!" सर म्हणाले. रघूनं मला कडकडून मिठी मारली. "सख्खा भाऊ करणार नाही, बाळ्या..."

कलकत्त्याला रघूच गेला. मी चिलटांसारखाच केळ्यागुळात राहिलो.

झोपेत चालत गेलो म्हणावं, तर आई दाराला आडवी झोपायची. घरचे शपथेवर सांगत, तू हललाच नाहीस. मग कोण गेलं? आजतागायत कळलेलं नाही.

रघूचा हेवा केव्हाच विझला. आता जळतो तो माझं अक्षर घेऊन तिथं चार वेळा जाऊन आलेल्या त्या भल्या माणसावर.